तहकूब सभेचं इतिवृत्त

सभा अकराला, असं फळ्यावर मीच लिहिलं.
बाराला ग्रामसेवकांनी घड्याळ बघितलं,
मग माझ्याकडं बघितलं,
जणू माणसं मीच कुठं दडवून ठेवलीत.
सतरा डोकी. त्यात एक पोस्टमन,
एक कुणाचा तरी पाहुणा, गारगोटीचा.
कोरम नाही, सबब सभा तहकूब.

हे वाक्य मला झोपेतही लिहिता येतं.
चौदा वर्षं लिहितोय,
सावरमाळ ग्रामपंचायतीच्या लाल कापडी वहीत.
नोकरी शिपायाची, अक्षर बरं म्हणून पेन माझ्याकडं.

तहकूब सभेला कोरम लागत नाही.
गावात हे तीनचार जणांनाच ठाऊक होतं,
आणि तेच तीनचार जण आठवड्यानं बसून
चहाबरोबर गावाचं अख्खं वर्ष मंजूर करायचे.
साखर कमी का जास्त, एवढीच चर्चा.

या खेपेला तारीख कुणी फोडली, मला विचारू नका.
डेअरीत दूध घालायला मीही जातो.
फॅट लागेपर्यंत रांगेत
माणसाचं तोंड गप्प राहतंय होय?

रेहाना मुजावर आली ती किटली घेऊनच.
मागनं सुताराची सून, इंदू कांबळे,
मगदुमांची थोरली, आणि बऱ्याच.
पाय चिखलाचे.
किटल्या भिंतीकडेला ठेवल्या,
सभेतला पहिला आवाज तो, पत्र्याचा.

साहेबांनी आराखडा वाचला.
छापील. रकाने वरून आखून आलेले.
पेव्हिंग ब्लॉक, चार लाख.
स्वागत कमान, तीन.
"कमान कशाला?" इंदू म्हणाली.
"यष्टी फाट्यावरनंच माघारी जाती.
स्वागत कुणाचं करणार, कुत्र्याचं?"
सगळे हसले, सरपंचही.
मग थांबले,
कारण ती हसत नव्हती.

तानूबाई चौगुले तोवर गप्प होती.
उठली, फळ्याखालचा माझा खडू घेतला
आणि खाली फरशीवरच बसली.
एक वाकडी रेघ. "ह्यो ओढा."
पलीकडं सात ठिपके. "ह्यो धनगरवाडा."
अलीकडं चौकोन. "ही शाळा.
हितं पाणी गुडघ्याला. हितं कमरंला.
हितनं माझी म्हस गेली.
पोरं हितनंच येत्यात.
साकव पायजे. मी सांगतो, तू लिव्ह."

साहेब वाकून बघत राहिले बराच वेळ.
वाईट माणूस नाही तो.
"मावशी, पटतंय," म्हणाले,
"पण याला रकाना नाही."
"वहीला समास हाय न्हवं?"

पेन माझ्या हातात होतं.
सरपंचांकडं बघितलं, ते छताकडं बघत होते.
लाल रेघेच्या डावीकडं,
जिथं आजवर फक्त अनुक्रमांक बसायचे,
तिथं मी उभं, दाटीनं लिहिलं :
साकव. धनगरवाडा ते शाळा.
सूचक तानूबाई. अनुमोदक...
एवढी नावं आली की अक्षर बारीक करत करत
पानाच्या तळाशी पोचलो.

शेवटी रेहाना म्हणाली, अजून एक ठराव.
"सभा सातला ठेवा. दूध घातल्यावर.
अकराला आमी शेतात असताव,
आन् तुमी म्हणताय माणसं येत न्हाईत."
हा ठराव एकमतानं.
विरोध करायला कुणाला कारणच सापडलं नाही.

साकव झाला का म्हणाल, तर नाही.
कागद गारगोटीला गेला, तिथनं कोल्हापूरला,
जिल्हा परिषदेतनं एकदा परत आला,
"समासातील मजकूर अवाच्य" असा शेरा घेऊन.
माझं अक्षर! अवाच्य!
टाईप करून पुन्हा पाठवलाय.
नवी वही आखली तेव्हा
समास चार बोटं सोडला.

आणि हो, त्या रात्री हॉल झाडायचा होता.
झाडू मारणं माझंच काम.
सगळीकडनं मारला,
ओढ्याजवळ आलो,
आणि वळसा घालून पलीकडं गेलो.